सासू, सून आणि माहेर नावाच्या वायरी

अण्णा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही, आणि आज लिहायला बसलेय तेही काही माया उतू चालली म्हणून नव्हे. ज्या हँगरमध्ये तुम्ही मला वायर जोडायला शिकवलंत, तिथेच परवा शुक्रवारी मी चार माणसांसमोर तुमचं नाव खराब केलं. तुम्ही असतात तर तिथल्या तिथे मालवणीत मला झाडून काढलं असतंत, वर चहा पाजला असतात आणि प्रकरण मिटलं असतं. तुम्ही नाही, त्यामुळे झाडायचं कामही माझ्याच गळ्यात आलंय. रविवार आहे, सासूबाई आत टीव्हीला उत्तरं देत बसल्यात, आणि मी जोगेश्वरीच्या ह्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहितेय. मशीनचं पायडल मधेच हलतं, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या. तुमच्याइतकं सुबक अक्षर तसंही माझं कधी नव्हतं.

ते चार माणसांचं पांढरं विमान आठवतं ना, ज्याच्या डाव्या दाराला तुम्ही लाथ घातल्याशिवाय ते लागायचं नाही? ते अजून उडतंय. दार अजून लाथेनेच लागतं. त्याच्या पॅनेलमध्ये तुम्ही बसवलेला तो जुना जीपीएस अजून तसाच आहे, हिरवट पडद्याचा, गोल बटणाचा. तुमच्या हातचं ते शेवटचं मोठं काम. तेव्हा मी बाळंतपणाच्या रजेवर होते, म्हणून त्या कामाला माझा हात लागला नाही. पॅनेलमागे तुम्ही वायरींची जी जुडी बांधलीत, ती मी पुढे कितीतरी वेळा बॅटरी मारून नुसती बघितलीय. मेणाचा दोरा, इंचाइंचावर गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत. हल्लीची पोरं प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळतात आणि निघून जातात. मी ओरडले की म्हणतात, "ताई, मागे कोण बघतंय?" मी बघतेय ना मेल्यांनो.

आता मालक बदललेत. नवे मालक स्वतः वैमानिक आहेत, पार्ल्याचे, सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. माणूस चांगला, पण नव्या वस्तूचं भारी वेड. गेल्या महिन्यात त्यांनी विमानाला इंजिन मॉनिटर आणला. तुमच्या वेळेला ही चैन नव्हती. हातभर लांबी-रुंदीचासुद्धा नाही, तळहाताएवढा पडदा, पण इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला किती ताप आहे, ते पेट्रोल ताशी किती पितंय, सगळं सांगतो. त्याहून गंमत म्हणजे त्याला जर जीपीएसने कळवलं की अजून एवढे मैल जायचंय, तर तो हिशोब करून सांगतो की टाकीतलं पेट्रोल तिथवर पुरेल की नाही. म्हणजे जीपीएसने बोलायचं आणि मॉनिटरने ऐकायचं, एवढंच. त्यासाठी एक वायर लागते, आणि दोघांची जमीन, म्हणजे अर्थिंग, एक करायला दुसरी. कॅप्टन म्हणाले, "ताई, हा जुना डबा काढून टाकू या ना. नवीन जीपीएस बसवू, मागची सगळी वायरिंग कापून नवी ओढू. झकास काम होईल." आणि त्यांनी बाहेरच्या कंपनीच्या मुलांना शनिवारची वेळसुद्धा देऊन टाकली.

कापून, हा शब्द मला लागला. तुमच्या त्या गाठी मला दिसायला लागल्या, कचऱ्याच्या पिंपात पडलेल्या. मी म्हटलं, "कॅप्टन, जुना आहे पण मेलेला नाही. नव्या मॉनिटरशी तो बोलू शकतो. मला शुक्रवारपर्यंत द्या. बोलला तर जुडीला हात लावायचा नाही." ते म्हणाले, "आणि नाही बोलला तर?" मी म्हटलं, "तर मी स्वतः कात्री लावीन." असं बोलून बसले. तोंडाला आवर नाही, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंत.

सोमवारी सकाळी पॅनेलखाली पाठीवर आडवी झाले. बावन्नाव्या वर्षी तसं आडवं होणं म्हणजे आधी एक पाय, मग देवाचं नाव, मग दुसरा पाय. जीपीएसकडून जुन्या इंधनमापकाला गेलेल्या तीन वायरी तिथे मोकळ्या लोंबत होत्या, कारण तो मापक केव्हाच निघालाय. प्रत्येकीच्या टोकाला पांढऱ्या नळीचा तुकडा, त्यावर बारीक पेनाने तुमचं अक्षर, वर पारदर्शक नळी गरम करून आवळलेली. मी बॅटरी जवळ नेली. पहिलीवर लिहिलेलं, सासू. दुसरीवर, सून. तिसऱ्या काळ्या वायरीवर, माहेर.

अण्णा, मी तिथे आडवी पडल्या पडल्या इतकी हसले की बाहेरून पोरगा विचारतो, "ताई, शॉक बसला का?"

हे मीच विसरले होते. मी नवीन लागले तेव्हा हँगरमध्ये बाई मी एकटीच, वय बावीस, हातात डिप्लोमा आणि डोक्यात हवा. दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं तर एक वायर बोलायची असते आणि एक ऐकायची, ह्याच्या बोलण्याला त्याचं ऐकणं जोडायचं, हे मला पुस्तकातून पाठ होतं आणि हातात मात्र हमखास उलटं व्हायचं. बोलण्याला बोलणं जोडलं की दोघंही बडबडतात आणि ऐकत कोणी नाही. ऐकण्याला ऐकणं जोडलं की दोघं कान टवकारून बसतात आणि बोलत कोणी नाही. चौथ्यांदा चुकले तेव्हा तुम्ही वायर माझ्या हातून काढून घेतलीत आणि म्हणालात, "ही सासू, ही सून. एकीन बोलूचां, दुसरेन आयकूचां. दोघीजणी बोलाक लागल्यो काय घर बुडला. आणि ह्या काळ्याक म्हणतत माहेर, सगळ्यांका शेवटी थयच परतूचां आसा." त्यानंतर माझी वायर कधी उलटी लागली नाही. तुम्ही मात्र ही नावं लेबलांवरसुद्धा लिहिता हे मला ठाऊक नव्हतं. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी वीस वर्षांत एकदाही वाकून बघितलं नाही हे एक बरं झालं. नाहीतर सासू कुठल्या नियमात बसते, हे तुम्ही त्यांना कसं सांगितलं असतंत देव जाणे.

तर सासू बोलणार, हे उघड होतं. मला तरी उघड वाटलं. माझ्या घरात तीस वर्षं कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय हे मला वेगळं कशाला सांगायला हवं? मी सासूची वायर मॉनिटरच्या ऐकण्याला जोडली, माहेर माहेराला जोडलं, सुनेच्या तोंडाला पट्टी गुंडाळून तिला बाजूला सारलं आणि विमान बाहेर उघड्यावर काढलं, म्हणजे जीपीएसला वरचे उपग्रह दिसावेत. बटण दाबलं. जीपीएसने पाच-सात मिनिटं घेतली, म्हातारं माणूस चष्मा शोधतं तसं त्याने आपण कुठे आहोत ते शोधलं आणि जुहू दाखवलं. शेजारी दीड वितीवर बसलेला मॉनिटर म्हणतो, नो जीपीएस. लुकलुक लुकलुक, नो जीपीएस. अरे, तुझ्या कानाशी बसलाय की तो!

मंगळवारी मी दोघांचा बोलण्याचा वेग तपासला. एक भरभर बोलतो आणि दुसरा सावकाश ऐकतो असं असलं तरी काही कळत नाही, म्हणून सगळे वेग एकेक करून लावून बघितले. नो जीपीएस. भाषा बदलून बघितली, कारण जुनी यंत्रं दोन-तीन तऱ्हांनी बोलतात. नो जीपीएस. बुधवारी माहेर पुन्हा खरवडून चकचकीत करून जोडलं. मॉनिटरचं जाडजूड पुस्तक वाचलं, त्यात लिहिलंय की जोडणी नीट आहे ना ते पाहावे. एवढी अक्कल मलाही आहे. कॅप्टननी फोनवर कुठल्याशा परदेशी माणसाचा व्हिडिओ दाखवला. तो गोरा माणूस हसत हसत वायर जोडतो आणि लगेच सगळं चालू होतं. मला त्याच्या हसण्याचा राग आला. गुरुवारी दुपारी कॅप्टन डोकावले आणि अगदी सहज म्हणाले, "ताई, मीटर लावून बघितलंत ना? कोणती वायर जिवंत आहे ते?"

इथे माझी पहिली चूक. मी म्हटलं, "अहो, काय विचारता! पहिल्याच दिवशी." लावला नव्हता, अण्णा. चार दिवसांत एकदाही नाही.

तुमचा आवाज मला तिथेच यायला हवा होता. ती जुनी गोष्ट आठवते? माझं दुसरं वर्ष. दिव्याची एक वायर मी लेबल वाचून जोडली, आणि दिव्याऐवजी विमानाचा भोंगा वाजायला लागला. अख्खा हँगर जमा झाला. तुम्ही शिडीवरून उतरलात, भोंगा बंद केलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "काय गो, लेबल वाचतंस? लेबल खोटां बोलतलां, मीटर बोलूचो नाय. माझ्या बापाशीन लावलेलां असलां तरी आधी मीटर लाव. मी लावलेलां असलां तरी लाव." मी रडले. मग तुम्ही मला साकीनाक्याला त्या पिना आणि नळ्या मिळतात त्या गल्लीत घेऊन गेलात, आणि वाटेत उसाचा रस पाजून म्हणालात की भोंगा मात्र सुंदर वाजला. ह्या पोरांना मी हेच वाक्य शिकवते. मालवणीतच शिकवते. त्यातला एक उत्तर प्रदेशाकडचा आहे, तोसुद्धा आता "मीटर बोलूचो नाय" म्हणतो.

शुक्रवारी डबा खायला सगळे बाहेर गेले तेव्हा मी कपाट उघडलं आणि तळातून तुमचा मीटर काढला. काट्याचा, कातडी पेटीतला. हा मीटर माझ्याकडे कसा आला ते आमच्या घरात अजून दर दिवाळीला सांगितलं जातं. लेकीचं बारसं होतं. तुम्ही त्याच महिन्यात निवृत्त झालेले, पांढरा सदरा घालून आलात आणि सासूबाईंच्या हातात ही पेटी ठेवलीत. त्यांना वाटलं चांदीचे वाळे. पेटी उघडून त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बाळाला कुठे लावायचं?" तुम्ही म्हणालात, "बाळाक न्हय, आवशीक." म्हणजे मला. तुम्ही निघाल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुझा तो माणूस चांगला आहे गं, पण ह्याला कोणीतरी बारसं म्हणजे काय ते सांगायला हवं होतं."

तर मीटर लावला. सासूवर काटा मेल्यासारखा पडून. सुनेची पट्टी सोडली, तिला टोक टेकवलं, आणि काटा शून्याच्या डावीकडे उलटा पळाला, मग दर सेकंदाला एकदा दचकायला लागला. उलटा पळतोय म्हणजे जिवंत आहे, आणि दचकतोय म्हणजे बोलतोय, हे तुम्हीच शिकवलेलं. सून बोलत होती! चार दिवस तोंडाला पट्टी बांधलेली, तरी ती बापडी आत बोलतच होती. दहा मिनिटांत वायर बदलली, विमान बाहेर काढलं, पोरं आणि कॅप्टन भोवती गोळा झाले. मॉनिटरवरचं नो जीपीएस गेलं. कॅप्टन म्हणाले, "आता कुठेतरी जायचंय म्हणून सांगा त्याला." मला तुमच्या गावाचंच नाव सुचलं. तिकडे आता विमानतळ झालाय अण्णा, तुमचा विश्वास बसायचा नाही, पण तुमच्या ह्या जुन्या यंत्राला त्याचा पत्ताच नाही. म्हणून गोवा टाकलं. लगेच मॉनिटरवर गोवा किती मैल ते उमटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टननी तिथल्या तिथे फोन करून शनिवारच्या माणसांना नको म्हणून सांगितलं. तुमची जुडी वाचली, एक गाठसुद्धा न सुटता.

आणि मग त्यांनी विचारलं, "पण झालं काय होतं?"

मी म्हटलं, "आमच्या अण्णांनी लेबलं उलटी लावली होती."

अगदी सहज गेलं तोंडातून. मला खरंच तसं वाटलं होतं, ह्यावर तुम्ही विश्वास ठेवा. पण कॅप्टन हुशार माणूस. ते म्हणाले, "तुम्ही तर पहिल्या दिवशीच मोजलं होतं ना?" आता काय सांगू? मी म्हटलं, "हो, पण तेव्हा उपग्रह मिळाले नव्हते, म्हणून काटा हलला नसेल." उपग्रह मिळोत न मिळोत, काटा डावीकडे गेला असताच. हे मला ठाऊक, त्या कपाटाला ठाऊक, तुम्हाला तर ठाऊकच. कॅप्टननी मान हलवली आणि म्हणाले, "चालायचंच. मोठ्या माणसांच्याही चुका होतात." तो उत्तर प्रदेशवाला पोरगा हळूच म्हणाला, "मी लावलेलां असलां तरी लाव," आणि सगळे हसले. मीसुद्धा हसले. चूक दुरुस्त केल्याची नोंद कामाच्या कार्डावर करायची असते. कारणाच्या रकान्यात मी पेन्सिलीने लिहून ठेवलं, पूर्वीची लेबले चुकीची. सोमवारी पेनाने पक्कं करून सही करायची.

घरी आले ती विजयी मुद्रेने. सासूबाई भाजी निवडत होत्या. शहाऐंशी वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत, कान आणि तोंड शाबूत. त्यांना सगळं सांगितलं, सासू, सून, माहेर, काटा, गोवा. मला वाटलं हसतील. त्या मेथीची काडी हातात धरून म्हणाल्या, "म्हणजे त्याचं चुकलं म्हणतेस?"

"हो मग. बोलणाऱ्या वायरीला सून लिहिलंय."

"त्याच्या घरी कोण बोलायचं?"

मी मेथीची जुडी माझ्या पुढ्यात ओढली.

"तुझ्या घरात सासू बोलते म्हणून जगात सगळीकडे सासवाच बोलतात होय गं? तूच आली होतीस ना दहिसरहून त्यांच्याकडे जेवून, आणि आठवडाभर सांगत होतीस?"

अण्णा, माझ्या पायाखालची जमीनच सरकली. दहिसरची नदीकाठची ती चाळ, तुमचं ते स्वयंपाकघर, एका भिंतीला ओटा आणि दुसऱ्या भिंतीला तुमच्या आई. मी दारात चप्पल काढतेय तोवर त्यांच्या सुनेचा, म्हणजे आमच्या काकींचा, आवाज सुरू आहे. काकी तव्यावर आंबोळ्या घालतायत, काळ्या वाटाण्याची उसळ ढवळतायत, आणि बोलतायत. नळाला पाणी कधी आलं, खालची काय म्हणाली, तिच्या जावयाने काय केलं, मासळी कशी महागली, मधूनमधून "आयकलात मा, आये?" आणि तुमच्या आई नारळ खवताना थांबून, मान वर करून, "हूं" म्हणतात आणि पुन्हा खवायला लागतात. दोन तासांत त्या माउलीच्या तोंडून हूं सोडून दुसरा शब्द मी ऐकला नाही. पण एकही गोष्ट त्यांच्या कानातून निसटली नव्हती, कारण मी निघताना त्यांनी माझ्या हातात खोबऱ्याची वडी ठेवली, आणि ती मला आवडते हे मी फक्त काकींना कुजबुजत सांगितलं होतं. जिन्यापर्यंत सोडायला आलात तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघितलंस मा? भांडण म्हणून नाय." मी आंबोळ्यांच्या आनंदात होते. मी त्याचा काहीच अर्थ लावला नाही.

तुमची लेबलं बरोबर होती. सून बोलते, सासू ऐकते. तुमच्या घरात ते इतकं रोजचं होतं की कोणी उलटं समजेल असं तुमच्या स्वप्नातही आलं नसेल. माझ्याही घरात माझं इतकं रोजचं की मी विचारसुद्धा केला नाही.

शनिवारी सुट्टी होती. दिवसभर मला चहासुद्धा कडू लागला. एकदा वाटलं, जाऊ दे, अण्णांना आता काय फरक पडतो, आणि कार्ड कोण वाचतंय? हे म्हणजे ती पोरं म्हणतात तसंच झालं, मागे कोण बघतंय. स्वतःचीच लाज वाटली.

एवढं काल लिहून ठेवलं होतं. आज सोमवार. सकाळी कोणी यायच्या आत गेले, खोडरबर नेलं होतं. कारणाच्या रकान्यातलं पुसलं आणि पेनाने लिहिलं, पूर्वीची लेबले बरोबर. तंत्रज्ञाने घाईत वायर न मोजता जोडली. खाली सही केली. कॅप्टन आले, कार्ड वाचलं, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा वाचलं.

"म्हणजे म्हातारा बरोबर होता?"

"होता."

"आणि पहिल्या दिवशी मोजलं होतं ते?"

"नव्हतं मोजलं."

त्यांनी कार्ड तिसऱ्यांदा वाचलं. मला वाटलं, आता तीस वर्षांची अब्रू गेली. मग म्हणाले, "पण ताई, सासू नेमकी का ऐकते ते मला नीट सांगा, कारण आमच्या घरी दोघीही बोलतात." मी सगळं सांगितलं, दहिसर, आंबोळ्या, हूं. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग पोरांना बोलावून मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं, भोंग्यासकट. आता त्या वायरींवर नियमाप्रमाणे छापील लेबलं लावलीत, पण तुमची काढली नाहीत. शेजारीच आहेत, पारदर्शक नळीखाली, वीस वर्षांनंतरही शाई फुटलेली नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तुमच्या चाळीच्या जागी आता पंचवीस मजल्यांची इमारत आहे आणि काकी रत्नागिरीकडे लेकीपाशी असतात असं कोणीतरी म्हणालं होतं. घडी घालून तुमच्या मीटरच्या पेटीत ठेवतेय, काट्याखाली जागा आहे तिथे.

फक्त एक राहिलं. कार्डावर मी 'घाईत' असा शब्द लिहिलाय, आणि कॅप्टनना तो पटलासुद्धा. पण मला पाच दिवस दिले होते. मीटर कपाटात होता, कपाट दहा पावलांवर. सोमवारी सकाळी त्या पॅनेलखाली बॅटरीच्या उजेडात तुमचं अक्षर दिसलं आणि मला वाटलं, अण्णा आहेत ना इथे, मग मी कशाला मोजू? घाई नव्हती, अण्णा.